बातमी बोथ्याची, वाघ भलत्याच देशाचा

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्री साडेनऊला मामाचा फोन आला. मामाचं शेत खामगाव-बुलढाणा रस्त्यावर, घाटाच्या पायथ्याशी. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं आणि त्या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची होती.

"कारे, बोथ्यात वाघ आला म्हन्तेत. फोटू पायला काय तुनं? लय मोठा हाय. रातीले पानी द्याले जाऊ का नको?"

फोटो मी पाहिला होता. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका न्यूज पोर्टलची लिंक फिरत होती. बोथ्याच्या जंगलाजवळ वाघ दिसल्याची चर्चा, परिसरात भीती, असं शीर्षक आणि वर वाघाचा स्क्रीनभर फोटो. मानेभोवती जाड केसांची झालर, अंगावर दाट लोकर, पट्टे फिकट. आपल्याकडचा वाघ असा दिसत नाही. फोटोवर बोट दाबून गूगल लेन्सला विचारलं, तर दहा सेकंदांत उत्तर मिळालं. फुकट फोटो देणाऱ्या एका साइटवरचा सायबेरियन वाघ, तोही परदेशातल्या प्राणिसंग्रहालयातला.

मी मामाला सांगितलं की हा फोटो इथला नाही. त्यावर मामाने जे विचारलं, त्यामुळे हा लेख लिहायला घेतला.

"मंग वाघ खोटा का फोटो खोटा?"

खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोटो चुकीचा आहे एवढंच मला कळलं होतं. बातमी खोटी आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही आणि खरी आहे हेही होत नाही. रात्री अकराला मोटर सुरू करायला एकट्याने जायचं की नाही, हे ठरवणाऱ्या माणसाला त्या फोटोतून काहीच कळलं नव्हतं. भीती तेवढी वाढली होती.

इथे खरोखर वाघ आला होता तेव्हा

बोथ्याच्या बाबतीत ही चर्चा हवेतली म्हणून सोडून देता येत नाही. खामगावहून बुलढाण्याला जाताना बोथ्याचा जो घाट लागतो, तो ज्ञानगंगा अभयारण्याचा भाग आहे. क्षेत्रफळ सुमारे २०५ चौरस किलोमीटर. बिबटे आणि अस्वलं इथे पूर्वीपासून आहेत. २०१९ च्या डिसेंबरात इथे वाघही आला, आणि त्याची बातमी थेट बीबीसीपर्यंत गेली.

तो वाघ यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला. संशोधकांनी त्याला सी-१ असं नाव दिलं होतं, पुढे लोक त्याला 'वॉकर' म्हणू लागले. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली. पावसाळ्याच्या तोंडावर तो निघाला आणि यवतमाळ, तेलंगणातलं आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशिम, अकोला असं करत ज्ञानगंगेत पोचला. कॉलर उपग्रहामार्फत तासातासाला त्याची जागा कळवत होती. नऊ महिन्यांत पाच हजारांहून अधिक नोंदी झाल्या आणि एकूण चाल भरली तीन हजार किलोमीटरच्या वर. एप्रिल २०२० मध्ये त्याची कॉलर काढली, तीही ज्ञानगंगेतच.

हे इतकं सविस्तर अशासाठी सांगतोय की देशात क्वचितच एखाद्या वाघाची एवढी पक्की नोंद असेल. त्याचा नकाशा होता, खरे फोटो होते, तरीही त्या काळात व्हॉट्सअॅपवर 'बुलढाण्यात आलेला वाघ' म्हणून माझ्याकडे निदान चार वेगवेगळ्या वाघांचे फोटो आले. एकात मागे किल्ला होता. मी रणथंभोरला गेलेलो नाही, पण तेवढं मलाही ओळखू आलं.

वाघ वेगवेगळे हे कशावरून? पट्ट्यांवरून. प्रत्येक वाघाच्या पट्ट्यांची नक्षी वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. डाव्या कुशीची नक्षी उजवीसारखी नसते. म्हणूनच व्याघ्रगणनेत कॅमेरा ट्रॅप पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावतात. २०१८-१९ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. त्यांत ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो निघाले आणि वाघांचे त्यातले फक्त ७६,६५१. 'एक्स्ट्रॅक्ट कंपेअर' नावाचं सॉफ्टवेअर वाघाच्या अंगावर त्रिमितीय साचा बसवतं, पट्टे सपाट करून घेतं आणि जुन्या नोंदींशी ताडून बघतं. अशा पद्धतीने २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखले गेले. मार्च २०२१ मध्ये औरंगाबादजवळच्या गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ आला, तेव्हाही पट्टे जुळवूनच कळलं की हाही टिपेश्वरकडचा.

यात एक गंमत आहे. पेपरात किंवा साइटवर फोटो लावताना प्राण्याचं तोंड मजकुराकडे असावं म्हणून डिझाइनर तो सहज आरशातल्यासारखा उलटा करतात. दिसायला काही फरक पडत नाही, पण वाघ मात्र बदलतो. उलटवलेल्या फोटोतली उजवी कूस ही जगातल्या कुठल्याच वाघाची नसते.

ही चूक होते कशी? मीही केली आहे

काही वर्षांपूर्वी मी एका न्यूज वेबसाइटसाठी बातम्या अपलोड करायचं काम करत होतो. दिवसाला चाळीसेक बातम्या. वार्ताहर गावातून फोनवर मजकूर पाठवायचा, फोटो नसायचाच. बिबट्या काही त्याच्यासाठी थांबून राहत नाही. पण सिस्टीम फोटोशिवाय बातमी प्रकाशितच करू द्यायची नाही.

यामागचं तांत्रिक कारण समजून घेण्यासारखं आहे. तुम्ही व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवता तेव्हा तिच्याबरोबर एक चित्र आपोआप दिसतं. पानाच्या कोडमध्ये 'ओजी इमेज' नावाची एक ओळ असते, त्यात ज्या चित्राचा पत्ता असेल ते चित्र व्हॉट्सअॅप उचलतं. ती ओळ रिकामी ठेवली तर लिंक ओकीबोकी दिसते आणि कोणी दाबत नाही. तिकडे गूगल डिस्कव्हरमध्ये बातमी ठळक दिसायला हवी असेल तर किमान १२०० पिक्सेल रुंदीचं चित्र ठेवा, असं गूगल स्वतः सांगतं. गावातल्या माणसाने मोबाइलवर काढलेला, अंधारातला, हललेला खरा फोटो या मापात बसत नाही. प्राणिसंग्रहालयातला झकास सायबेरियन वाघ बरोब्बर बसतो.

मी तेव्हा 'पँथर' असं शोधून एक फोटो लावला. दोन दिवसांनी एका वाचकाने कळवलं की हा बिबट्या नव्हे, दक्षिण अमेरिकेतला जग्वार आहे. दोघांच्या अंगावर गुलाबाच्या फुलासारखे ठिपके असतात, पण जग्वारच्या त्या फुलांच्या आत आणखी बारीक ठिपके असतात, बिबट्याच्या नसतात. फोटो बदलला. तोवर तो हजारो फोनवर पोचला होता, आणि तिथून तो बदलता येत नाही.

संपादक मंडळी म्हणतात, आम्ही खाली 'प्रातिनिधिक छायाचित्र' किंवा 'संग्रहित' असं लिहितो ना. लिहितात, मान्य. पण ते लिहिलेलं असतं पानावर, फोटोखालच्या ओळीत. ओजी इमेज उचलताना व्हॉट्सअॅप ती ओळ उचलत नाही. ग्रुपवर येतं ते शीर्षक आणि वाघ. निम्मे लोक लिंक उघडतच नाहीत, मामानेही उघडली नव्हती. म्हणजे प्रामाणिकपणाची जी एक ओळ होती, ती नेमकी वाटेत गळून पडते. खरं तर 'प्रातिनिधिक' हा शब्द फोटोवरच, कोपऱ्यात, छापता येतो. पाच मिनिटांचं काम आहे. कोणी करत नाही, कारण त्याने क्लिक कमी होतात असा सगळ्यांचा समज आहे.

शब्दकोशाने केलेला घोळ

दुसरं कारण भाषेचं. फोटोंच्या साइट इंग्रजीत शोधाव्या लागतात, आणि आपल्या प्राण्यांची नावं इंग्रजीत नेताना रस्ता चुकतो. कोल्हा म्हणजे 'फॉक्स' हे आपण शाळेत पाठ केलं. पण आपल्या शिवारात रात्री हुकी देतो तो कोल्हा म्हणजे 'जॅकल'. 'इंडियन फॉक्स' म्हणतात ते आपलं खोकड, शेपटीचं टोक काळं असलेलं छोटं जनावर. त्यामुळे 'पिसाळलेल्या कोल्ह्याचा शेतकऱ्यावर हल्ला' या बातमीवर युरोपातला लालभडक, झुपकेदार शेपटीचा फॉक्स येऊन बसतो. चीता आणि बिबट्या यांची तर हिंदीतूनच गल्लत आलेली. २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियातून आठ चीते कुनोला आणले, तेव्हापासून ही चूक थोडी कमी झाली असं मला वाटतं. डोळ्यांपासून तोंडापर्यंत येणाऱ्या काळ्या रेघा चीत्याला असतात, बिबट्याला नसतात, हे शाळकरी पोरंही आता सांगतात.

आमच्या वऱ्हाडात रोही म्हणजे नीलगाय. पुण्या-मुंबईच्या डेस्कवर बसलेल्याला रोही म्हणजे काय ते कळत नाही, तो 'हरीण' समजतो आणि चितळाचा फोटो लावतो. रोह्यांच्या कळपाने सोयाबीनचं वाटोळं केलं अशी बातमी आणि वर नाजूक ठिपक्यांचं चितळ. वाचणाऱ्या शहरी माणसाला वाटतं, हे एवढंसं हरीण काय खाणार? पूर्ण वाढलेला रोही नर दोनशे किलोंच्या घरात असतो. असे वीस जनावरं रात्री वावरात उतरली तर सकाळी काय उरतं, हे चितळाच्या फोटोतून कधीच कळायचं नाही. शेतकऱ्याची तक्रार अशी एका फोटोने हलकी होते.

अस्वलाचंही तेच. बुलढाणा जिल्ह्यात अस्वलाचे हल्ले ही नेहमीची बातमी आहे. आपलं अस्वल काळं, झिपऱ्या केसांचं, तोंड फिकट, छातीवर इंग्रजी व्हीसारखी पांढुरकी खूण आणि बोटभर लांब नख्या. वाळवी, मुंग्या, मोहाची फुलं, बोरं यांवर जगणारं. फोटो लागतो तो मात्र उत्तर अमेरिकेतल्या ग्रिझलीचा, जबडा वासून दोन पायांवर उभ्या असलेल्या. फोटोबरोबर मग त्या देशातल्या सूचनाही भाषांतर होऊन येतात. झाडावर चढा म्हणे! आपलं अस्वल झाडावर उत्तम चढतं, मोहोळापर्यंत पोचतं ते तसंच.

सापाच्या बाबतीत मात्र हसून सोडू नका

वाघाचा फोटो चुकला तर भीती वाढते. सापाचा चुकला तर जीव जाऊ शकतो. मण्यार आणि कवड्या यांची गल्लत मी बातम्यांमध्ये इतक्यांदा पाहिली आहे की मोजणं सोडलं. मण्यार अत्यंत विषारी, कवड्या बिनविषारी. दोघंही गडद, दोघांच्याही अंगावर पांढरे आडवे पट्टे. फरक असा की मण्यारीचे पट्टे बारीक, बहुतेक वेळा जोडीने, आणि शेपटीकडे जास्त ठळक असतात. मानेकडे ते पुसट होतात किंवा नसतातच. कवड्याचं उलट. मानेपासून पट्टे सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. 'मण्यार चावून मृत्यू' या बातमीवर कवड्याचा फोटो लागला की लोक घरातले कवडे मारतात. उलट झालं तर त्याहून वाईट. खरी मण्यार 'अरे हा तर बिनविषारी' म्हणून कोणी तरी हातात घेतो.

मण्यार बऱ्याचदा रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावलेलं कळतही नाही. पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे समजतात अपचन झालं. अशा वेळी फोटो जुळवत बसू नका आणि ओळख पटवायच्या नादात साप मारून दवाखान्यात नेऊ नका. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकत्र चालतं. डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात.

नागाच्या बातमीवर नागराजाचा, म्हणजे किंग कोब्राचा, फोटो लावणं ही तर प्रथाच झाली आहे. नागराज विदर्भात नाहीच. आपल्या नागाच्या फण्यावर दहाचा आकडा असतो, नागराजाच्या फण्यावर तो नसतो आणि त्याचा फणाही अरुंद असतो. एवढं बघितलं तरी पुरे.

मोठी मंडळीही फसतात

हे फक्त गावाकडच्या पोर्टलचं दुखणं आहे असं समजू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अॅमेझॉनचं जंगल पेटलं, तेव्हा फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी ट्विट केलेला आगीचा फोटो लॉरेन मॅकइंटायर या छायाचित्रकाराचा होता. ते २००३ सालीच वारले होते. त्याच आठवड्यात पिल्लाला कवटाळून आक्रोश करणाऱ्या माकडिणीचा फोटो जगभर फिरला, अॅमेझॉनच्या आगीतली आई म्हणून. तो आपल्या शेजारच्या जबलपूरचा, २०१७ मधला निघाला.

आता तर फोटो शोधायचीही गरज उरली नाही, लिहिलं की तयार होतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये हैदराबाद विद्यापीठाशेजारच्या कांचा गचिबौली इथे झाडं तोडली जात होती. तिथे हरणं आणि मोर खरोखर होते. पण बुलडोझरसमोर धावणाऱ्या प्राण्यांची एआयने बनवलेली चित्रं खऱ्यांपेक्षा जास्त पसरली आणि सरकारला 'हे सगळं एआय आहे' म्हणायला आयतं कारण मिळालं. सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली हा भाग वेगळा. त्याच वर्षी नोव्हेंबरात चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीचा म्हणून एक व्हिडिओ आला. वन विश्रामगृहाबाहेर खुर्चीवर बसलेल्या माणसावर वाघ झडप घालतो आणि ओढून नेतो, सीसीटीव्हीसारखं चित्रण, कोपऱ्यात तारीख आणि वेळही. वनविभागाला खुलासा करावा लागला की असं काही घडलेलं नाही, व्हिडिओ एआयने केलेला आहे. ब्रह्मपुरी भागात वाघाने माणसं मारल्याच्या खऱ्या बातम्या येतच असतात, म्हणून तर लोकांनी तो पटकन खरा मानला. ज्यांच्या घरातलं माणूस खरंच गेलं, त्यांनी तो व्हिडिओ कसा पाहिला असेल कोणास ठाऊक.

मग तपासायचं कसं?

गूगल लेन्स किंवा 'सर्कल टू सर्च' बहुतेक फोनमध्ये आहे, पण त्याचं उत्तर वाचायला शिकलं पाहिजे. लेन्स चित्राचं आकड्यांमध्ये रूपांतर करतं आणि त्याच्यासारखे दिसणारे फोटो दाखवतं. 'सारखा' म्हणजे 'तोच' नव्हे. वाघाचा फोटो दिला की शंभर वाघ येणारच. तुम्हाला शोधायचा आहे तो हुबेहूब तोच फोटो: तीच मागची फांदी, तीच मान. टिनआय ही साइट सारख्यापेक्षा त्याच चित्राच्या प्रती शोधते आणि सर्वांत जुनी प्रत आधी दाखवायला सांगता येतं. फोटो २०१४ मध्ये कुठे होता ते दिसलं की काल रात्रीचा दावा तिथेच संपला. शोधण्याआधी वरची शीर्षकाची पट्टी कापून फक्त प्राणी ठेवा, निकाल सुधारतो.

एआयच्या चित्राला मात्र जुनी प्रत नसते, त्यामुळे 'काहीच सापडलं नाही' याचा अर्थ 'अस्सल आहे' असा घेऊ नका. तिथे उलटा प्रश्न विचारायचा: हा काढला कोणी? ज्याने काढला त्याच्याकडे मूळ फाइल असते आणि तिच्यात तारीख, वेळ, फोनचं मॉडेल, कधीकधी ठिकाणसुद्धा नोंदलेलं असतं. या माहितीला एक्झिफ म्हणतात. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की ती पुसली जाते, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर टिकते. वार्ताहर मित्रांनो, गावातल्या माणसाकडून फोटो मागताना डॉक्युमेंट म्हणूनच मागा. कॅमेरा ट्रॅपच्या फोटोखाली बहुधा तारीख, वेळ आणि तापमानाची पट्टी असते. पट्टी कापलेली असेल तर का कापली ते विचारा.

एक अडचण मात्र मान्य करायला हवी. खरा, ताजा, ठिकाणासह फोटो छापणं दरवेळी शहाणपणाचं नसतं. शिकारीही इंटरनेट वापरतात, आणि वाघ दिसला म्हटलं की मोटारसायकलींची जत्रा भरते. अशा वेळी जुना फोटो लावणं मला पटतं. पण मग तो त्याच जातीचा, आपल्याच भागातला असावा आणि 'जुना' हा शब्द चित्रावरच असावा. तेही जमत नसेल तर नकाशा लावा. मामाला वाघाच्या तोंडापेक्षा नकाशाचा उपयोग जास्त होता.

त्या रात्री मी वनविभागातल्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला. त्याने सांगितलं, ठसे मोजले आहेत, बिबट्याचे आहेत, वाघाचे नाहीत. पण एकट्याने जाऊ नका म्हणावं. मामाला सांगितलं. "बिबट व्हय," मामा म्हणाला, "तो त दरसाली येते." शेजारच्या दोघांना सोबत घेऊन, बॅटऱ्या आणि मोबाइलवर मोठ्याने भजनं लावून ते गेले आणि पहाटे चारला परतले. मी पोर्टललाही ईमेल केला, लेन्सचा स्क्रीनशॉट जोडून. उत्तर आलं नाही. परवा ती लिंक पुन्हा उघडून पाहिली. फोटो तोच आहे, खाली आता कंसात 'संग्रहित' लिहिलंय.